दारू सोडण्यासाठी जवळची मीटिंग कशी शोधावी

दारूच्या विळख्यातील माणसाच्या घरात एखादी सकाळ अशी उगवते, की तो अंथरुणावर उठून बसतो आणि कोणी काही न विचारता म्हणतो, "आता पुरे झालं, मला यातून बाहेर काढा." ही सकाळ फार काळ टिकत नाही. दुपारपर्यंत अंग जरा सावरते, आदल्या रात्रीची लाज ओसरते आणि संध्याकाळी पाय नेहमीच्या वाटेला लागतात. माझ्या थोरल्या भावाची अशी सकाळ आली तेव्हा मीटिंग, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची एकत्र बसून बोलण्याची सभा, कोठे भरते, कोणाला विचारायचे आणि नेमके काय विचारायचे, हे आमच्या घरात एकालाही ठाऊक नव्हते. आम्ही तीन दिवस फोन फिरवत राहिलो, एका जुन्या पत्त्यावर जाऊन दाराला कुलूप पाहून परत आलो, आणि तोवर दादा पुन्हा पिऊ लागला होता. तशी दुसरी सकाळ यायला अकरा महिने लागले. त्या वेळी मात्र पत्ता, वार, वेळ आणि एका सदस्याचा फोन क्रमांक कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेला होता, आणि त्याच संध्याकाळी दादा मीटिंगला जाऊन बसला.

म्हणून पुढची प्रत्येक पायरी, शोधाशोध आधीच उरकून ठेवावी, या हेतूने लिहिली आहे. वाचणारा स्वतः पिणारा असो किंवा त्याची पत्नी, आई, मुलगा, मित्र असो, क्रम तोच राहतो. जेथे फरक पडतो तेथे तसे सांगितले आहे.

मीटिंगच्या आधी डॉक्टर

रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम दारू बंद करणे जिवावर बेतू शकते, ही गोष्ट मीटिंगचा पत्ता शोधण्याच्याही आधी येते. शेवटचा प्याला रिचवल्यापासून साधारण ६ ते २४ तासांत हातांची थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होऊ लागतात, वेळ-काळ-माणसे ओळखू येईनाशी होतात, ताप चढतो. या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि तिच्यावर रुग्णालयातच उपचार करावे लागतात. पूर्वी कधी दारू थांबवताना फिट आली असेल, सकाळी उठल्याबरोबर हात स्थिर करण्यासाठी प्यावी लागत असेल, किंवा यकृताचा, हृदयाचा आजार असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला किंवा निदान घरच्या डॉक्टरांना दाखवावे. फिट किंवा भास सुरू झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्या रात्री मीटिंगचा विचार करू नये.

ज्याला असा धोका नाही, तो त्याच दिवशी मीटिंगला जाऊ शकतो. ज्याला रुग्णालयात राहावे लागले, त्याने तेथून बाहेर पडण्याच्या आधीच आपली पहिली मीटिंग कोणत्या वारी आहे, हे ठरवून ठेवावे. घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा फार नाजूक असतो, कारण शरीर बरे वाटू लागते आणि मन म्हणते की आता काही अडचण उरली नाही.

कोणती मीटिंग शोधतो आहोत

महाराष्ट्रात 'मीटिंगला जातो' असे कोणी हळू आवाजात म्हणाले, तर बहुतेक वेळा ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची मीटिंग असते. या संघटनेची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरात झाली. न्यूयॉर्कहून आलेला एक शेअर दलाल आणि अ‍ॅक्रनमधील एक शल्यविशारद, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि बोलत राहिल्याने दोघांनाही न पिता दिवस काढता येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. सदस्य त्यांना आजही बिल डब्ल्यू. आणि डॉ. बॉब एवढ्याच नावांनी ओळखतात. भारतात १९५७ साली दिल्लीत ए.ए.चे काम सुरू झाले, आणि आज भारतातील गटांचे सेवा कार्यालय मुंबईत आहे.

ए.ए.च्या मीटिंगला डॉक्टर नसतो, औषध नसते, भरती करून घेणे नसते. दारू सोडण्याची इच्छा, एवढी एकच अट सदस्य होण्यासाठी आहे. फी नाही, अर्ज नाही, हजेरीपुस्तक नाही. मीटिंगच्या शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो आणि सदस्य त्यात खोलीचे भाडे, चहा, छपाई यांसाठी जमेल तसे पैसे टाकतात. बाहेरच्यांकडून देणगी घेतली जात नाही. नव्या माणसाने पिशवीत काही टाकलेच पाहिजे असेही नाही.

ए.ए.खेरीज दुसरा एक मोठा आधार म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाठपुरावा सभा, ज्यांना सगळे 'फॉलोअप' म्हणतात. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले, आणि त्याच्या उभारणीत पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचा मोठा हात होता. तेथून उपचार घेऊन गेलेल्या माणसांच्या फॉलोअप सभा पुण्याबाहेरच्या अनेक गावांतही भरतात. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली स्थापन केलेली कृपा फाउंडेशन ही संस्था ए.ए.च्या बारा पायऱ्यांना, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी सदस्य टप्प्याटप्प्याने पाळतात त्या बारा सूत्रांना, योगाभ्यासाची जोड देऊन काम करते. केंद्रात राहण्याची गरज नसली तरी अशा संस्थेला फोन करून "आमच्या जिल्ह्यात तुमची फॉलोअप सभा किंवा जवळ ए.ए.ची मीटिंग आहे का," असे विचारायला काहीच हरकत नाही. या मंडळींना एकमेकांची माहिती असते.

आमच्याकडे दारू सोडण्याचा जुना मार्ग म्हणजे पंढरपूरला जाऊन गळ्यात तुळशीची माळ घालणे. ज्यांनी माळ घातली आणि आयुष्यभर पाळली, अशी माणसे माझ्याच नात्यात आहेत. मीटिंग आणि माळ यांत मला विरोध दिसत नाही. वारीतली सोबत वर्षातून काही दिवस मिळते, मीटिंगमधली सोबत आठवड्याच्या आठवड्याला मिळते. ज्याला दोन्ही हवे असेल त्याने दोन्ही घ्यावे.

पत्ता कोठून मिळवावा

पहिला आणि सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ए.ए.च्या भारतातील सेवा कार्यालयाचे अधिकृत संकेतस्थळ आणि हेल्पलाइन. तेथून शहरानुसार गटांची यादी मिळते. मोठ्या शहरांत आणि विभागांत अनेक गटांनी मिळून चालवलेले इंटरग्रुप असते आणि त्याचाही स्वतंत्र फोन असतो. हा फोन बहुतेक वेळा एखादा सदस्यच उचलतो, म्हणजे ज्याने स्वतः हे सगळे भोगले आहे असा माणूस. त्याच्याशी बोलताना प्रस्तावना करावी लागत नाही.

दुसरा मार्ग सरकारी आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीसाठीची हेल्पलाइन १४४४६ ही आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. टेलि-मानसवर मराठीत बोलता येते. या दोन्ही ठिकाणी समुपदेशन आणि जवळच्या उपचार केंद्राची माहिती प्रामुख्याने मिळते, म्हणून मीटिंगबद्दल वेगळे आणि स्पष्ट विचारावे.

तिसरा मार्ग म्हणजे जिल्हा रुग्णालयाचा किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. येथे डॉक्टरांपेक्षाही समाजसेवा अधीक्षकांना किंवा समुपदेशकांना विचारावे. कोणत्या शाळेत, कोणत्या वारी मीटिंग भरते, हे त्यांना बहुधा तोंडपाठ असते, कारण रुग्णाला घरी सोडताना तेच सांगतात. काही रुग्णालयांत सदस्य येऊन रुग्णांशी बोलतात. तो दिवस कोणता, हे विचारून त्या दिवशी गेल्यास थेट माणूसच भेटतो.

चौथा मार्ग साधा आहे. मुंबई, वसई, पुणे आणि गोव्यात अनेक मीटिंगा चर्चच्या सभागृहात किंवा चर्चच्या शाळेत भरतात, इतर ठिकाणी नगरपालिकेच्या शाळेचा वर्ग, वाचनालय किंवा समाजमंदिर वापरले जाते. चर्चच्या कार्यालयात जाऊन विचारले तर लगेच सांगतात. जागा चर्चची असली म्हणून मीटिंग ख्रिस्ती धर्माची होत नाही. गट फक्त खोली वापरतो. हा गैरसमज मी इतक्या घरांत ऐकला आहे, आणि त्यापायी इतकी माणसे दारातून परतली आहेत, की तो येथे मुद्दाम लिहितो.

इंटरनेटवर शोधताना एका गोष्टीची काळजी घ्यावी. 'दारू सोडवा' असे शोधल्यास वर येणाऱ्या जाहिरातींपैकी पुष्कळशा खासगी केंद्रांच्या असतात, आणि काहींची नावे अशी असतात की वाचणाऱ्याला ती मीटिंगच वाटावी. फोन उचलणारा माणूस मीटिंगचा वार सांगण्याऐवजी "पेशंटचं वजन किती, आम्ही गाडी पाठवतो," असे म्हणू लागला, तर आपण चुकीच्या ठिकाणी फोन केला आहे, असे समजावे. भरती करण्याची गरज खरोखरच असेल तर केंद्राची नोंदणी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली झाली आहे का, हे कागद पाहून तपासावे. रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास त्या कायद्याने बंदी आहे. मीटिंगच्या पत्त्यासाठी मात्र कोणी एक रुपया जरी मागितला, तरी फोन ठेवून द्यावा.

फोनवर काय विचारावे

पहिला फोन करताना आवाज कापतो, आणि ठेवल्यावर लक्षात येते की महत्त्वाचे विचारायचेच राहिले. म्हणून समोर कागद घेऊन बसावे. सुरुवात साधी असावी: "माझ्या भावाला दारू सोडायची आहे. आम्ही अमुक भागात राहतो. जवळची मीटिंग कोणत्या वारी, किती वाजता असते?" आडनाव सांगण्याची गरज नाही. पिणारा स्वतः बोलत असेल तर एवढेच म्हणणे पुरते: "मला दारूचा त्रास आहे. मला मीटिंगला यायचं आहे."

त्यानंतर जागेबद्दल अगदी बारकाईने विचारावे. 'अमुक शाळा' एवढ्यावर समाधान मानू नये. कोणते फाटक, कोणता मजला, कितवी खोली, संध्याकाळी पुढचे फाटक बंद असते का, पहारेकऱ्याला काय सांगायचे, हे सर्व लिहून घ्यावे. अंधारात शाळेच्या आवारात दहा मिनिटे भटकलेला नवा माणूस सरळ घरी परततो. घरीच परतेल याचीही खात्री नसते.

मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, हे विचारणे फार महत्त्वाचे आहे. क्लोज्ड मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेली माणसे बसू शकतात; ओपन मीटिंगला घरचे लोक, डॉक्टर, विद्यार्थी, कोणीही येऊ शकते. सोबत जायचे असेल तर पहिली मीटिंग ओपन निवडावी. क्लोज्डच असेल तर आपण बाहेर थांबण्याची तयारी ठेवावी आणि तसे त्याला आधीच सांगावे, म्हणजे दारात ताटातूट झाल्यासारखे वाटत नाही. मीटिंग कोणत्या भाषेत चालते, हेही विचारावे. मुंबईत आणि गोव्यात इंग्रजी, हिंदी, मराठी, कोंकणी अशा वेगवेगळ्या भाषांचे गट असतात, आणि मनातले दुखणे ज्या भाषेत बोलता येते त्याच भाषेचा गट पहिल्यांदा शोधावा.

शेवटी दोन विनंत्या कराव्यात. "आमच्या भागातल्या एखाद्या सदस्याचा नंबर मिळेल का?" आणि "पहिल्या दिवशी कोणी फाटकापाशी उभं राहील का?" या विनंतीला सहसा नकार मिळत नाही. पिणारा माणूस स्वतः बोलायला तयार असेल तर दोन सदस्य घरी किंवा जवळच्या हॉटेलात चहाला येऊनही भेटतात. नव्या माणसाला भेटणे हा त्यांच्या स्वतःच्या न पिण्याचाच भाग असतो, म्हणून आपण त्यांना तसदी देत आहोत, असा संकोच बाळगू नये. मात्र त्याच्या मनाविरुद्ध, त्याला न सांगता सदस्यांना घरी बोलावू नये. आमच्याकडे ही चूक झाली होती आणि दादा मागच्या दाराने निघून गेला होता.

पत्ता खरा आहे याची खात्री

मिळालेला पत्ता शिळा असू शकतो, हे गृहीत धरूनच पुढे जावे. बहुतेक गट दुसऱ्याच्या जागेत भरतात, आणि जागा त्यांच्या हातात नसते. शाळेत भरणारी मीटिंग मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत हलते, निवडणुकीत शाळेचे मतदान केंद्र झाले की ती त्या आठवड्यात दुसरीकडे भरते, गणपतीत मंडळाने सभागृह घेतले की वार बदलतो, चर्चमधील मीटिंग नाताळ आणि पवित्र सप्ताहात पुढेमागे होते. म्हणून यादीतील वेळ पाहून थेट निघण्याऐवजी त्याच दिवशी सकाळी सदस्याला फोन करून "आज मीटिंग आहे ना?" एवढे विचारावे.

घरच्या माणसाला शक्य असेल तर त्याने एकदा आधी एकट्याने जाऊन जागा पाहून यावी. मी दुसऱ्या खेपेला तसे केले. रिक्षा कोठे थांबते, फाटक कोणते, वाटेत त्याचा नेहमीचा बार लागतो का, हे पाहून आलो. बार लागत होता. त्या दिवशी आम्ही मागच्या रस्त्याने गेलो.

अनेक मीटिंगांतून निवड

मोठ्या शहरात एकाच संध्याकाळी अनेक मीटिंगा असतात, तेव्हा निवडताना माझ्या मते वेळेला पहिले स्थान द्यावे. ज्या तासाला तो रोज प्यायला बसतो, त्या तासाची मीटिंग सर्वांत उपयोगाची. सात वाजता तल्लफ येणाऱ्याला सकाळी दहाची मीटिंग मिळाली तर संध्याकाळ मोकळीच राहते. अंतर दुसरे. कामावरून घरी येण्याच्या वाटेवर असलेली मीटिंग टिकते. घरी येऊन, कपडे बदलून पुन्हा बाहेर पडावे लागणारी मीटिंग हळूहळू सुटते.

ओळखीचे कोणी भेटेल, ही भीती पुष्कळांना अडवते. ती समजण्यासारखी आहे, आणि सुरुवातीला दोन स्टेशने पलीकडची मीटिंग निवडून ती टाळता येते. पण ओळखीचा माणूस तेथे भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. तेथे कोण दिसले आणि कोण काय बोलले, हे बाहेर न सांगण्याचा नियम सदस्य फार कसोशीने पाळतात.

स्त्रियांसाठी शोध अधिक अवघड असतो, कारण पिणाऱ्या बाईला घरातून मीटिंगला पोचवायला येणारे कोणी सहसा नसते आणि लाज दुप्पट असते. फोनवर सुरुवातीलाच "मला स्त्री सदस्याशी बोलायचं आहे," असे सांगावे. मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन केवळ स्त्रियांच्या मीटिंगा असतात. राहून उपचार घ्यायचे असल्यास मुक्तांगणचा 'निशिगंध' हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे.

जवळपास मीटिंगच नसेल तर

तालुक्याच्या गावापलीकडे राहणाऱ्यांना यादीत आपल्या गावाचे नाव सापडत नाही, आणि शोध तेथेच थांबतो. तो थांबू देऊ नये. प्रथम जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या ठिकाणची मीटिंग पाहावी आणि वेळ शेवटच्या एसटीशी ताडून पाहावी. मीटिंग साडेसातला सुटते आणि शेवटची गाडी सव्वासातची असेल, तर गटाला तसे सांगावे. थोडे लवकर निघण्याची मोकळीक मिळते, किंवा त्याच दिशेला राहणारा कोणी सदस्य दुचाकीवरून सोडतो. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणे होतच असेल तर त्या वाराची मीटिंग आहे का, हे पाहावे.

दोन प्रत्यक्ष मीटिंगांमधील दिवस ऑनलाइन मीटिंगांनी भरून काढता येतात. २०२० च्या टाळेबंदीत खोल्या बंद झाल्यावर गट झूमवर भरू लागले, आणि त्यांपैकी काही पुढेही चालू राहिले. लिंक सदस्याकडून किंवा सेवा कार्यालयाकडून घ्यावी. आत जाण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव बदलून फक्त पहिले नाव ठेवावे, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, आणि घरात इअरफोन वापरावा, कारण तिकडे बोलणाऱ्यांचीही गुप्तता आपल्या हाती असते. तरीही पहिली मीटिंग शक्य तो प्रत्यक्ष गाठावी, असे मला वाटते. मीटिंग संपल्यावर चहा पिताना कोणीतरी खांद्यावर हात ठेवून आपला नंबर देतो, ते पडद्यावर घडत नाही.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी चोरट्या दारूने माणसे व्यसनात अडकतातच, तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेच्या पुढाकाराने चालणाऱ्या मुक्तिपथ अभियानातून गावपातळीवर आणि तालुक्याला व्यसन उपचाराची सोय झाली आहे. बंदी असलेल्या जिल्ह्यात मदत मागितली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, या भीतीने लोक गप्प बसतात. उपचार मागणाऱ्याने तसे गप्प बसू नये.

आणि गावात सोडू इच्छिणारी दोन माणसे असतील, तर ती एकत्र बसून गट सुरू करू शकतात. सेवा कार्यालयाला कळवले की ए.ए.चे मराठीतील साहित्य आणि जवळच्या जुन्या गटाची मदत मिळते.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना ए.ए.च्या मीटिंग गाईड या अ‍ॅपवर अनेक देशांतील स्थानिक मीटिंगा सापडतात. मराठीतच बोलायचे असेल तर भारतातील ऑनलाइन मीटिंग गाठता येते. आपल्याकडे रात्री ८ वाजतात तेव्हा दुबईत संध्याकाळचे साडेसहा आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा झालेले असतात.

पहिल्या मीटिंगच्या दिवशी

दहा मिनिटे आधी पोचावे. खोलीत खुर्च्या किंवा शाळेचे बाक असतात, भिंतीवर बारा पायऱ्यांचा तक्ता लावलेला असतो, कोणीतरी चहा देते. थोडा वेळ शांतता आणि एक छोटी प्रार्थना होते, मग एकेक सदस्य पहिले नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक आहोत असे म्हणतो आणि स्वतःच्या आयुष्यातील घडलेले सांगतो. यालाच शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. मीटिंग साधारण एक ते दीड तास चालते. नव्या माणसाने बोलावे असा आग्रह नसतो. "मी आज फक्त ऐकतो," म्हटले तरी टाळ्या वाजतात.

देवाचा उल्लेख ऐकून काहींचे मन बिचकते. ए.ए.मध्ये ईश्वराची कल्पना ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे करायची असते, आणि देव न मानणारे सदस्यही वर्षानुवर्षे न पिता राहिलेले आढळतात. त्याच दिवशी थोडी प्यालेला माणूस मीटिंगला जाऊ शकतो का, हाही प्रश्न नेहमी येतो. गोंधळ न घालता बसता येत असेल तर जावे.

निघण्यापूर्वी निदान दोन फोन क्रमांक घ्यावेत आणि पुढची मीटिंग कोणती, हे तेथेच ठरवावे. पहिली मीटिंग आवडली नाही, तर निर्णय तिच्यावरून करू नये. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. एखाद्या गटात वयस्क माणसे अधिक, एखाद्यात गिरणीतले किंवा बँकेतले, एखाद्यात तरुण. तीन वेगवेगळ्या गटांत मिळून पाच-सहा वेळा बसल्यावर आपला गट कोणता, हे कळू लागते. पुढे त्यातूनच एखादा जुना सदस्य स्पॉन्सर म्हणून मिळतो, ज्याला तल्लफ आल्यावर प्याला उचलण्याआधी फोन करायचा असतो.

घरच्यांनी आपली मीटिंग शोधावी

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अ‍ॅलेनॉन नावाचे वेगळे गट आहेत, आणि पिणारा मीटिंगला जायला तयार नसला तरी घरचे त्यांच्या मीटिंगला जाऊ शकतात. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. वहिनी दादाच्या आधी सहा महिने अशा गटाला जात होती. बाटल्या लपवणे, कामावर खोटी कारणे कळवणे, उधारी गुपचूप फेडणे तिने तेथे बसून हळूहळू सोडले, आणि घरातली हवा बदलू लागली ती तेव्हापासून.

जेवणातून किंवा चहातून गुपचूप द्यायचे औषध म्हणून जे विकले जाते, ते कधीही देऊ नये. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना दारू प्यायल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या पूर्ण माहितीनेच द्यायचे असते.

पुन्हा प्यायला गेला, म्हणजे सदस्यांच्या भाषेत स्लिप झाली, तर पत्ता तोच राहतो. गटातून कोणी काढून टाकत नाही. गटारी, ३१ डिसेंबर, नात्यातल्या लग्नाची हळद, पगाराचा दिवस, या तारखा आधीच माहीत असतात. त्या संध्याकाळी कोणती मीटिंग आहे, हे आठवडाभर आधी पाहून ठेवावे.

कपाटावरचा कागद

एका साध्या कागदावर तीन मीटिंगांची माहिती लिहावी: एक घराजवळची, एक कामाच्या वाटेवरची, एक ऑनलाइन. प्रत्येकीपुढे वार, वेळ, फाटक आणि खोली, भाषा, ओपन की क्लोज्ड, आणि माहिती शेवटची कधी पडताळली ती तारीख. खाली १४४१६, १४४४६ आणि १०८ हे क्रमांक. दर तीन महिन्यांनी एका फोनवर ही माहिती ताजी करावी. आणि सर्वांत खाली, ठळक अक्षरांत, अशा एका सदस्याचा क्रमांक लिहावा, ज्याने स्वतःहून सांगितले आहे की रात्री अकरानंतरही फोन केला तरी मी उचलीन.